दोन हजार कोटी दाणे आणि एक पॅनमन

साखरेच्या डब्यातली चिमूटभर साखर काळ्या कागदावर पसरून बघा. कडा तासलेल्या, पैलू चमकणारे आणि आकार जवळजवळ सगळ्यांचा एकच. कारखान्यात शेवटी ग्रेडर नावाची चाळणी असते, ती मोठा आणि बारीक दाणा वेगळा करते हे खरं. पण चाळणी दाणा घडवत नाही. तो त्याआधीच घडलेला असतो, उंच मजल्यावरच्या एका बंद पात्रात, अडीच-तीन तासांच्या उकळीत. त्या पात्राला म्हणतात पॅन आणि ते सांभाळणारा तो पॅनमन.

नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) पॅनमन हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. प्रवरानगर, कोळपेवाडी, सोनई, भेंडे, संगमनेर, राहुरी, श्रीगोंदा, अकोले. धुराड्यांवरून तालुके ओळखावेत असा हा जिल्हा. इथल्या कित्येक घरांत एखादा काका, मामा, आजोबा पॅनवर काम केलेला सापडतो. त्याच्याकडे पदवी बहुधा नसते. दहावी, बारावी, फार तर आयटीआय. तरीही कारखान्याच्या पगारपत्रकात त्याचं नाव कामगारांच्या वरच्या टोकाला असतं. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या नेट-सेट झालेल्या प्राध्यापकाच्या हाती महिन्याकाठी जे पडतं, त्यापेक्षा कायम पॅनमनच्या हाती अनेकदा जास्त पडतं. यात प्राध्यापकाची थट्टा नाही. मला कुतूहल आहे ते दुसऱ्या बाजूचं: ज्याच्याकडे सर्टिफिकेटांची फाइल नाही त्याला कारखाना एवढा जपतो तो कशासाठी?

त्यासाठी आधी साखर कशी होते ते बघू.

ऊस गव्हाणीत पडला की त्याचे तुकडे होतात, त्याचा भुसा होतो आणि तो गिरण्यांच्या रांगेतून पिळून निघतो. रस निघतो तो गढूळ, हिरवट-काळपट. त्यात चुन्याची निवळी आणि गंधकाचा वायू सोडून मळ खाली बसवतात. वर राहिलेल्या निवळ रसात शंभरातले साधारण 85 भाग पाणीच असतं. ते आटवायला बाष्पीभवन पात्रांची मालिका असते. पहिल्या पात्रात रसातून निघालेली वाफ दुसऱ्यातला रस उकळते, दुसऱ्याची तिसऱ्यातला. एकदाच जाळलेलं जळण तीनदा-चारदा कामाला येतं. ही युक्ती न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलियो नावाच्या माणसाची, पेटंट 1843 चं. आजही दूध, मीठ, औषधं आटवणारे कारखाने तीच वापरतात. या मालिकेतून घट्ट सिरप बाहेर पडतं आणि पॅनकडे चढतं.

हे सिरप उघड्या काहिलीत आटवत गेलं तर तापमान 110 अंशांच्या पुढे जातं, रंग तांबूस होतो आणि हाती येतो गूळ. गुळाबद्दल माझी तक्रार मुळीच नाही, पण पांढरा दाणा हवा असेल तर उष्णता कमी पाहिजे आणि उकळी तर फुटलीच पाहिजे. एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1813 च्या सुमारास यावर उपाय काढला: पात्र बंद करा आणि आतली हवा ओढून घ्या. दाब उतरला की उकळबिंदूही उतरतो. आजच्या पॅनमध्ये घट्ट पाक 65 अंशांच्या आसपास खदखदतो. हिमालयातल्या कोणत्याही शिखरावर हवा जितकी विरळ असते, त्याहून विरळ हवा त्या पात्रात असते.

आता खरी गंमत सुरू होते. 70 अंशांवर एक किलो पाण्यात जवळजवळ सव्वातीन किलो साखर विरघळून राहू शकते. पाणी उडत जातं तशी एक वेळ येते की पाण्यात मावते त्याहून जास्त साखर त्यात असते, आणि तरी दाणा म्हणून दिसत काहीच नाही. याला अतिसंपृक्त अवस्था म्हणतात. ती किंचित असेल तर आधीपासून पात्रात असलेला दाणा साखर ओढून घेत वाढतो, मात्र नवा दाणा जन्मत नाही. ती हाताबाहेर गेली तर कुणी न बोलावता कोट्यवधी नवे बारीक दाणे एका क्षणात उभे राहतात. आणि पाक पातळ झाला तर असलेला दाणाही विरघळायला लागतो. म्हणजे पॅनमनला चालायला मिळतो तो मधला अरुंद पट्टा. त्या पट्ट्यात अडीच-तीन तास राहायचं असतं आणि हाताशी असतात वाफेचा व्हॉल्व्ह, सिरपचा व्हॉल्व्ह, पाण्याचा व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूमचा काटा.

सुरुवात बियाण्याने होते. साखर स्पिरिटमध्ये घोटून घोटून तिची स्लरी करतात, तिच्यातले कण काही मायक्रॉनचे. कण पाच मायक्रॉनचा धरला तर एका ग्रॅममध्ये असे किती कण बसतात? पाचशे कोटी. आता दुसरं टोक बघा. साठ टनांच्या पॅनमध्ये, उकळी पूर्ण झाल्यावर, निम्मा भाग दाण्यांचा धरू. म्हणजे तीस टन दाणे. एक मिलिमीटरचा दाणा भरतो दीड मिलिग्रॅमपेक्षा थोडा जास्त. भागाकार करा, उत्तर येतं जवळजवळ दोन हजार कोटी. पृथ्वीवरच्या माणसांच्या दुपटीहून जास्त दाणे एका पॅनमध्ये, आणि कागदावरच्या हिशेबाने त्या सगळ्यांचं बी चार ग्रॅमच्या पुडीत मावावं! प्रत्यक्षात बरेच कण विरघळतात, एकमेकांना चिकटतात, म्हणून बी पुष्कळ जास्त घ्यावं लागतं. शिवाय मोठ्या दाण्याच्या पॅनला थेट स्लरी न देता आधीच्या पॅनमधली बारीक साखर बी म्हणून देतात. पण तत्त्व तेच राहतं. दाण्यांची संख्या सुरुवातीलाच ठरून जाते, नंतर वाढवायचं ते फक्त वजन. बी जास्त पडलं तर दाणा बारीक राहतो, कमी पडलं तर साखर बसायला जागा न मिळून पाक अंगावर येतो.

मधेच दोन-चार मिनिटांची डुलकी लागली आणि पट्टा ओलांडला गेला, तर ते आगंतुक बारीक दाणे येतात. कारखान्यात त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात. पुढे सेंट्रिफ्युगल मशीन मिनिटाला हजाराहून जास्त फेऱ्या मारून पाक बाहेर फेकतं आणि दाणा जाळीवर ठेवतं. फॉल्स ग्रेन त्या जाळीची भोकं बुजवतो किंवा जाळीतून निसटून मोलॅसिसमध्ये जातो. साखर म्हणून पोत्यात पडायची ती मळी म्हणून टाकीत जाते. साठ टनांचा माल, शेकडो शेतकऱ्यांचा ऊस, आणि चूक एका माणसाच्या डोळ्यांची. वेळेत लक्षात आलं तर पाणी देऊन, थोडं तापवून तो बारीक दाणा पुन्हा विरघळवता येतो. नाही आलं तर पुढच्या सगळ्या मशीन रडतात.

माझ्या मते पगाराचं गुपित इथे आहे. एखाद्या कामाचा दाम ते काम किती दमवतं यावरून ठरत नाही, ते चुकलं तर किती महागात पडतं आणि ती चूक टाळणारा दुसरा माणूस उद्या सकाळी मिळेल का, यावरून ठरतो.

पॅनमन हे सगळं ओळखतो कसं? पॅनच्या अंगाला काच असते, तिच्यावर आतला पाक उसळून आपटतो आणि ओघळतो. ओघळ किती जाड, किती सावकाश, हे तो बघतो. मग प्रूफ स्टिक. पॅनमधली निर्वात पोकळी न मोडता आतला नमुना बाहेर काढणारी ही पितळी दांडी. तिच्यावरचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरून तो दिव्यासमोर धरतो: दाणे सुटे आहेत की जुळे, कडा धारदार आहेत की झिजलेल्या, मधे धूळ दिसते का. आणि सगळ्यात जुनी परीक्षा बोटांची. अंगठा आणि तर्जनीत पाक धरून बोटं उघडायची, तार किती लांब येते आणि कुठे तुटते ते पाहायचं.

ही परीक्षा पॅनपेक्षा कितीतरी जुनी आहे. आपल्या गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतला पाक थंड पाण्यात टाकून गोळी होते का बघतो आणि त्या क्षणी ठरवतो, उतरवा. त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, उसाचा मालकही मधे बोलत नाही. तिकडे कॅरिबियन बेटांवर मळेवाल्यांच्या उकळणघरात गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी कारागीर हेच करायचे. साखर कधी धरणार हे मालकाला कळत नसे, त्यांना कळे. कौशल्य अव्वल दर्जाचं, पण ते विकायचं की नाही हे ठरवायचा हक्क त्यांना नव्हता, म्हणून दामही नव्हता. कौशल्य असलं की पैसा आपोआप येतो असं सांगणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. मधे कुणीतरी करार करावा लागतो.

आपल्याकडे तो करार कसा झाला ही गोष्ट नगर जिल्ह्यातूनच जाते. प्रवरेवरचं भंडारदरा धरण 1926 मध्ये पुरं झालं आणि कालव्यांच्या काठी ऊस फोफावला. हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी इथे खासगी कारखाने उभे राहिले. मग 1950 मध्ये लोणीजवळ प्रवरानगरला महाराष्ट्रातल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याची चाकं फिरली. कॉलेजची पायरी न चढलेले विठ्ठलराव विखे पाटील आणि नामांकित अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, अशी ती जोडी. एकाला शेतकऱ्याचं मन कळत होतं, दुसऱ्याला भांडवलाचं गणित. पुढे त्याच साखरेच्या पैशातून लोणी आणि कोपरगावला इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. तिथून बाहेर पडणाऱ्या पोरांना कारखान्यात आजही पॅन शिकवतो तो बिनपदवीचा हेड पॅनमन, ही गोष्ट मला फार आवडते.

केंद्र सरकारने 1957 मध्ये साखर उद्योगासाठी वेतन मंडळ नेमलं. अकुशल, निमकुशल, कुशल, अतिकुशल अशा पायऱ्या ठरल्या आणि माणसाला पायरी मिळू लागली ती तो हाताने काय करतो त्यावरून. पुढे महाराष्ट्रात कारखाने, कामगार संघटना आणि सरकार यांच्या त्रिपक्षीय करारांनी त्या पायऱ्यांवरचे आकडे दर काही वर्षांनी वाढत गेले. त्यातली सगळ्यात नवलाची तरतूद म्हणजे रिटेन्शन अलाउन्स. गाळप चालतं दिवाळीच्या आसपासपासून मार्च-एप्रिलपर्यंत. उरलेल्या महिन्यांत हंगामी कामगार घरी. पण तो दुसरीकडे निघून गेला तर पुढच्या हंगामात पॅन कोण चालवणार? म्हणून कारखान्याने त्याला घरी बसल्याचा भत्ता द्यायचा, आणि कौशल्याची पायरी जितकी वर तितका भत्त्याचा वाटा मोठा. तुम्ही नसाल तर आमचं अडेल, ही कबुली यात पगारपत्रकावरच लिहून दिलेली असते.

हे करार सगळीकडे पाळले जातात असं मात्र नाही. कारखाना आजारी पडला की सगळ्यात आधी पगार थकतात, आणि महिनोन्महिने थकलेल्या पगारासाठी गेटवर बसलेले कामगार या जिल्ह्याने पाहिलेत. भरतीच्या वेळी संचालकाची चिठ्ठी चालते हेही उघड गुपित आहे. पॅन फ्लोअरवर बाई दिसणं तर अजून विरळच. तेव्हा पोराला पॅनवर लावायचं असेल तर कारखान्याचा ताळेबंद आधी वाचा, असा सल्ला मी देईन.

चांगल्या पॅनमनला बाहेरची दारंही उघडी असतात. केनिया, युगांडा, टांझानिया इथल्या साखर उद्योगात भारतीय तंत्रज्ञ पूर्वीपासून आहेत. युगांडातला काकिरा कारखाना तर गुजराती मुळजीभाई माधवानींनी 1930 मध्ये काढलेला. विषुववृत्ताजवळ ऊस वर्षातले बहुतेक महिने चालतो, त्यामुळे तिथे हंगाम लांब आणि पगार डॉलरमध्ये. अर्जात शिक्षण काय लिहिलंय यापेक्षा किती टनांचा पॅन किती वर्षं चालवला, हा प्रश्न मुलाखतीत आधी येतो.

त्याच कारखान्यात बिनपदवीची दुसरी मोठी नोकरी आहे: बॉयलरची. ऊस पिळून उरलेला चोथा, बगॅस, निम्मा ओलाच असतो, तरी तो जाळून कारखाना स्वतःची वाफ आणि वीज करतो, वर उरलेली वीज विकतो. सहवीज प्रकल्पातल्या बॉयलरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 67, 87, काही ठिकाणी 110 किलो असतो. मोटारीच्या टायरमध्ये असतो सव्वादोन-अडीच. त्या टायरच्या फुटण्याचा आवाज आठवा आणि पुढचा अंदाज करा. 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली, पुढच्याच वर्षी बंगालमध्ये कायदा झाला, 1923 मध्ये देशभराचा आणि 2025 मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. आजच्या नियमांत एक साधी अट आहे: बॉयलरपाशी उभा राहणारा माणूस परीक्षा दिलेला पाहिजे.

ती परीक्षा म्हणजे बॉयलर अटेंडंटची, दुसऱ्या आणि पहिल्या वर्गाची. महाराष्ट्रात बाष्पके संचालनालय हा कारभार पाहतं. पदवी लागत नाही, बॉयलरवर काढलेला काळ लागतो. पाण्याची पातळी काचेत दिसेनाशी झाली तर पहिलं काय करशील, सेफ्टी व्हॉल्व्ह चिकटला तर काय, फीड पंप बंद पडला तर काय. पुस्तक पाठ करून या प्रश्नांना उत्तर देता येतं, पण परीक्षक दोन उपप्रश्नांत ओळखतात. हे सर्टिफिकेट साखरेपुरतं मर्यादित नाही. दूध संघ, डिस्टिलरी, कागद गिरणी, औषधांचे कारखाने, मोठी हॉस्पिटलं, जिथे जिथे मोठ्या बॉयलरची वाफ आहे तिथे असा माणूस लागतोच, कायद्यानेच लागतो. पॅनमनचं कौशल्य हातात असतं आणि ते सिद्ध करायला पॅनसमोर उभं राहावं लागतं. बॉयलरवाल्याचं कौशल्य सरकारी शिक्क्यासह खिशात मावतं. नव्या पोराला मी म्हणूनच बॉयलरची वाट आधी सुचवेन.

पॅनकडे जायचं तर दार तेच जुनं आहे. पॅन फ्लोअरवर मदतनीस म्हणून लागायचं, व्हॉल्व्ह धुवायचे, स्टिक पुसायची, नमुने पोचवायचे. काही हंगाम गेले की असिस्टंट पॅनमन, मग पॅनमन, नशिबात असेल तर पॅन इन्चार्ज. कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था 1936 पासून हे शास्त्र शिकवते, तिथे पदवी नसलेल्यांसाठी शुगर बॉयलिंगचा सर्टिफिकेट कोर्स आहे. पुण्याजवळ मांजरीला 1975 मध्ये सुरू झालेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी संस्था साखर कारखान्यांसाठी माणसं तयार करते. पण कोर्स केलेल्यालाही शेवटी कुणातरी मुरलेल्या पॅनमनच्या शेजारी रात्रपाळ्या काढाव्या लागतातच.

याच साखरेच्या दुसऱ्या टोकाला कोयता आहे. पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडच्या बीड जिल्ह्यातून येणारी ऊसतोड जोडपी. पदवी त्यांच्याकडेही नाही. जमिनीलगत तोडा, पाचट सोला, मोळी बांधा, डोक्यावरून ट्रकमध्ये चढवा. यातलं एकही काम मला-तुम्हाला तासभर जमणार नाही. जानेवारी 2024 मध्ये दर वाढून टनाला 366 रुपये झाला, आणि तो दोघांच्या कष्टाचा. पायऱ्या नाहीत, रिटेन्शन नाही, उलट हंगामाआधी घेतलेली उचल फेडायची. त्यांच्या चुकीची किंमत कुणी मोजत नाही, म्हणून बरोबर केलेल्या कामाचीही मोजली जात नाही.

वास्तविक ती मोजता येते, आणि ती मोजणारा माणूस पॅनसमोरच बसलेला असतो. तोडलेला ऊस शेतात किंवा कारखान्याच्या आवारात दोन-तीन दिवस पडून राहिला की त्यात सूक्ष्मजीव शिरतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतात. डेक्स्ट्रान रसाबरोबर पॅनपर्यंत पोचतो, दाण्याच्या काही पैलूंवर साखर बसू देत नाही, आणि चौकोनी वाढायचा दाणा एकाच दिशेने लांबत जाऊन सुईसारखा होतो. आता पॅनवर ब्रिक्स, म्हणजे पाकाचा घट्टपणा, मोजणारे सेन्सर आलेत, व्हॉल्व्ह आपोआप उघडणारे संगणक आलेत, दाण्याचे फोटो काढणारे कॅमेरेही आलेत, आणि बऱ्याच कारखान्यांत पॅनमन आता स्क्रीनसमोर बसतो. पण काचेच्या पट्टीवर सुया दिसल्या की तो अजूनही फोन उचलतो आणि खाली ऊसयार्डात विचारतो: कोणत्या गटाच्या गाड्या आज गव्हाणीत चालल्यात, आणि तो ऊस तोडला कधी?